पनवेलचा मध्यम दुर्मीळ बर्गर

सांगलीहून पहाटेच्या पनवेल गाडीला निघालो तेव्हा हिने डबा दिला नाही. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, असं कधी घडलं नव्हतं. "उपाशीच जा," म्हणाली. "त्याच्या हातचं खायला पोटात जागा ठेवा. आणि पुन्हा 'कच्चं' म्हणालात ना, तर परत येताना स्वतःसाठी वेगळी खोली बघूनच या."

तो म्हणजे आमचा मंदार. इंजिनिअरिंग अर्धवट सोडून हॉटेलात आचारी झाला. दोन वर्षांपूर्वी घरी आला तेव्हा त्याने हौसेने मटणाचा बर्गर केला. मी पाव उचलून पाहिला, तर आत गुलाबी! "कच्चं आहे हे, कुत्र्याला घाल," असं बोलून गेलो. पोरगं ताट उचलून आत गेलं, ते तेव्हापासून माझ्याशी बोललेलं नाही. सध्या तो पनवेलजवळ नेऱ्याला एका हॉटेलात आहे. म्हटलं, आपणच जावं, तोच बर्गर मागवावा आणि निमूट खावा. पण ऐन वेळी तोंड वाकडं झालं तर? मग सगळंच मुसळ केरात. म्हणून ठरवलं, आधी पनवेलमध्ये परक्या हॉटेलात सराव करायचा.

हिने फोनवर शोधून असल्या आतून गुलाबी ठेवलेल्या मांसाचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं होतं: 'मीडियम रेअर'. मी पाटबंधारे खात्यात जन्मभर इंग्रजी पत्रं खरडलेली. एसटीत बसल्याबसल्या भाषांतर केलं, मध्यम दुर्मीळ. अर्थ लागला नाही, पण नाव भारदस्त वाटलं.

घाट उतरला आणि उजवीकडे प्रबळगड दिसायला लागला. गडाखाली जिकडेतिकडे नव्या इमारती, काही राहत्या, काही नुसत्याच उभ्या. पनवेलला उतरलो तर घामाने सदरा पाठीला चिकटला. आमच्याकडचं ऊन बरं म्हणायचं, निदान ते कोरडं असतं.

स्टँडजवळच्या एका कॅफेत शिरलो, बर्गर मागवला आणि वेटरला चिठ्ठीतले शब्द ऐकवले.

"मीडियम? ओके अंकल. आणि रेअर म्हणजे?"

"दुर्मीळ," मी आत्मविश्वासाने म्हणालो.

त्याने ते लिहून घेतलं. एवढ्यावर माझं समाधान व्हायला नको होतं. बर्गर आला तो लालभडक रश्शात बुडलेला. मी म्हटलं, हे काय? तर म्हणाला, "अंकल, मीडियम तिखट सांगितलं ना तुम्ही? फुल तिखटाला याच्या डबल तर्री असते. असा बर्गर दुसरीकडे नाही मिळणार, एकदम रेअर!" त्याचं काय चुकलं? मीडियम म्हटलं की मीही तिखटच समजतो. नाक पुसत अर्धा खाल्ला, पण तो सराव मोजण्यासारखा नव्हता.

तिथून उरण नाक्याकडे चालत गेलो. एका खाणावळीच्या पाटीवर 'आगरी थाळी, चायनीज, बर्गर' असं एका ओळीत लिहिलं होतं. मालकीणबाई स्वतः चुलीपाशी उभ्या होत्या. आता मी शहाणा झालो होतो. म्हटलं, "मटणाचा बर्गर द्या. पण आतून जरा कच्चा ठेवा."

बाईंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "कच्चा? डाक्तरनी सांगितलंय काय?"

"नाही हो. सराव करायचाय."

"आमी कच्चं नाय देत कुनाला. कसला सराव?"

मग काय, सगळी कहाणी सांगून बसलो. त्या हातातला डाव तसाच धरून ऐकत होत्या.

"पोराच्या हातचं कुत्र्याला?" त्या म्हणाल्या. "आनी तुमी हितं बर्गर खात फिरताव? आदी जाऊन माफी मांगा, काका. खायाचं मंग बगा." एवढं बोलून त्यांनी माझ्यापुढे तांदळाची भाकरी आणि चिंबोऱ्यांचा (खेकड्यांचा) रस्सा ठेवला. हिचा सल्ला आठवत होता, तरी दोन भाकऱ्या खाल्ल्या. लाज वाटली, पण रस्सा फारच चांगला होता.

रिक्षाने नेऱ्याला पोचेपर्यंत पोट तट्ट झालं होतं. हॉटेल छोटंसंच, आंब्याच्या झाडांखाली टेबलं मांडलेली. मी 'मटण बर्गर, मीडियम रेअर' अशी ऑर्डर दिली आणि देव आठवत बसलो.

बर्गर आला. धीर करून मधोमध कापला, तर आतून खरपूस तपकिरी! गुलाबी रंगाचा पत्ताच नाही. दोन वर्षं झुरलो, सहा तास एसटीत आदळलो, तिखटाने नाक वाहिलं, ते ह्यासाठी? माझं डोकंच फिरलं. "अहो, हे शिजलंय!" मी ओरडलो. "परत न्या!"

स्वयंपाकघराचं दार उघडून मंदार बाहेर आला. वाळला होता. डोक्याला आचाऱ्याची टोपी.

"बाबा, आतून दिसलात तुम्ही. म्हणून मुद्दाम पूर्ण शिजवला."

"मी काय मागितलं होतं?"

"मीडियम रेअर. पण मला वाटलं, पुन्हा तुम्ही..." त्याने टोपी काढून हातात धरली.

मी प्लेट बाजूला सारली. म्हणालो, "मंदार, त्या दिवशी फार वाईट बोललो मी. बापाने बोलू नये असं. चुकलं माझं. आता नीट करून आण."

"नीट म्हणजे?"

"म्हणजे तुला हवा तसा."

तो आत गेला तो बराच वेळ आला नाही. आला तेव्हा डोळे लाल होते आणि बर्गर गुलाबी. समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत राहिला. पहिला घास मी डोळे मिटून घेतला. दुसऱ्याला भीती गेली. तिसऱ्याला चव कळली, आणि रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. भरल्या पोटी अख्खा संपवला.

"कांदा जाड चिरलायस," मी म्हणालो.

"आता कसं बाबा वाटलात," म्हणत तो हसला.

स्टँडवर त्यानेच मोटरसायकलवरून सोडलं. गाडी घाट चढेपर्यंत माझ्या सदऱ्याला मटणाचा वास येत होता आणि शेजारचा प्रवासी अंग चोरून बसला होता. मला मात्र कुणाशी तरी बोलावंसं वाटत होतं. तेव्हा आता सगळ्यांनाच सांगतो: पनवेलला चांगला मीडियम रेअर बर्गर कुठे मिळतो, हे मला विचारू नका. मी तो एकाच ठिकाणी खाल्लाय आणि करणारा माझा मुलगा आहे. माझ्या मताला काही अर्थ नाही. मी म्हणणार, तसा बर्गर जगात कुणाला जमत नाही.