पेटीमामांची तिजोरी

घाबरट माणूस कसा असतो ते कुणी मला विचारलं, तर मी पेटीमामांकडे बोट दाखवीन. रस्त्यावर टायर फुटला की मामा आधी खाली बसायचे आणि मग काय झालं ते विचारायचे. लिफ्टमध्ये त्यांनी कधी पाऊल टाकलं नाही. आणि प्रेक्षकांची तर अशी धास्ती, की रिकाम्या रंगमंचावरूनही मान खाली घालून चालायचे. आमच्या नाटक कंपनीत त्यांचा सगळा जन्म गेला, पण उघड्या पडद्यासमोर ते कधी आले नाहीत. आले ते एकदाच, आणि ते माझ्यासाठी.

नाटकात लागणाऱ्या बारीकसारीक वस्तूंना आम्ही प्रॉपर्टी म्हणतो. फुलदाणी, छत्री, चहाचे कप, खोटे दागिने. हे सगळं मामांच्या ताब्यात असे आणि दौऱ्यावर निघताना पेट्या तेच भरत. काय भरत! किटलीच्या पोटात चमचे, कपांच्या पोटात बांगड्या, आणि ती किटली राजाच्या टोपात. पेटी बंद करून म्हणायचे, "हलवून बघा बाई. काही वाजलं तर माझं नाव बदला." घरी मात्र या हुशारीला किंमत नव्हती. मामी म्हणायच्या, "यांनी भांडी लावली की एका कपासाठी मला अख्खं कपाट उतरवावं लागतं. चहा घेता की सरबतावर भागवता?"

त्या काळी आम्ही जे नाटक करत होतो, त्यात दुसऱ्या अंकाच्या शेवटी खलनायक मला गोळी घालत असे. ते काम करणाऱ्या नटाला आम्ही चष्मेवाले म्हणायचो. स्टेजवर ते चष्मा काढत आणि मग त्यांना समोरची मीही धुरकट दिसे. त्यांच्या हातातलं पिस्तूल खोटं, नळी शिशानं पक्की बुजवलेली. आवाज मामा काढत. विंगेत एका लांब फळीच्या टोकावर पाय रोवून उभे राहायचे, चष्मेवाल्यांनी चाप ओढून हात झटकला की दुसरं टोक दोरीनं उचलून जमिनीवर आपटायचे. पहिल्या रांगेतली माणसं दचकायची. मामा स्वतःही दचकायचे.

हे पिस्तूल खऱ्यावरून साचा घेऊन बनवलेलं, वजनालाही तसंच. म्हणून ते तिजोरीत ठेवायचं असा आमच्या नाट्यगृहाच्या इमारतीचा नियम होता. तिजोरी जुनी आणि ऐसपैस, आत हे एकटं पिस्तूल आणि मामांचा जेवणाचा डबा.

त्याच इमारतीच्या तळघरात नेमबाजीचा क्लब होता. एकदा तिथे पाण्याचा नळ फुटला, फरशी उखडावी लागली, आणि तिथले मास्तर वर आमच्याकडे आले.

"मामा, आमची पिस्तुलं थोडे दिवस तुमच्या तिजोरीत राहू द्या. परवानगी मी काढलीय."

"खरी?" मामांनी एक पाऊल मागे घेतलं.

"खरी, पण रिकामी. गोळ्या वेगळ्या कपाटात, माझ्या कुलपात."

"मला त्यांच्याकडे बघवतसुद्धा नाही हो."

"मग राहू द्या. तसंही एवढी सगळी मावायची नाहीत तुमच्याकडे."

संपलं! मामांना भित्रा म्हणा, हसून सोडून देत. पण मावायचं नाही म्हणालात की त्यांचा चेहरा बदलायचा.

मास्तरांनी पिस्तुलं आणून आधी आपल्या पद्धतीनं ठेवली, म्हणजे एकावर एक रचली. खालच्यांना वरच्यांचे ओरखडे, आणि दोन फळ्यांच्या मधली सगळी जागा मोकळी. मामा लांबूनच बघत होते.

"मास्तर, तुम्ही त्यांना झोपवलंत. झोपलेला माणूस जास्त जागा खातो."

"मग काय करू, उभं करू?"

"लटकवा."

मामांनी कपड्यांचे जाड तारेचे हँगर घेतले, वाकवले, रबराच्या नळीत घातले. तारेचं एक टोक वरच्या फळीच्या कडेला अडकायचं, दुसरं फळीखाली आडवं राहायचं. त्या आडव्या तारेवर पिस्तुलाची नळी सरकवली की पिस्तूल फळीखाली लटकायचं, मूठ खाली. एका शेजारी एक अशी सगळी लागली, एकही दुसऱ्याला न घासता. गोळ्या भरायची रिकामी मॅगझिनं दाराच्या आतल्या बाजूला शिवलेल्या कप्प्यांत गेली. तळाशी साफसफाईचे डबे आणि कानात घालायचे बोळे, कोपऱ्यात ओलावा शोषणाऱ्या पुड्या. मास्तर बघतच राहिले. "अजून चार राहतील की!" मामा खुशीत म्हणाले, "राहतील. पण आणू नका."

खोट्या पिस्तुलाची नळी बुजलेली, त्यात तार जाईना. त्यासाठी तळाशी त्या डब्यांमध्येच लाकडाची एक खाच केली. वर लटकतं ते खरं, खाली उभं ते खोटं. किल्ली मामांच्या करगोट्याला.

व्यवस्था बिनचूक होती. फक्त एक गोष्ट मला मामांनी नंतर सांगितली. त्या लटकत्या पिस्तुलांची त्यांना इतकी भीती वाटायची, की तिजोरी उघडली की ते तोंड फिरवायचे. मान वळवून, चाचपून, खालच्या खाचेतलं पिस्तूल काढायचे. डोळे मिटून कुठलीही वस्तू काढण्यात त्यांची ख्याती होतीच, त्यामुळे कुणाला काही वावगं वाटलं नाही.

त्या दिवशी दुपारचा प्रयोग होता. मामा शिडीवर चढून झालर टांगत होते. मास्तर कुठल्याशा स्पर्धेहून परतले, हातात स्वतःचं पिस्तूल, खाली टॅक्सीवाला भाड्यासाठी खोळंबलेला.

"मामा, उतरता का?"

"झालर सोडली तर पडेल हो. ही घ्या किल्ली. वर लटकवा बरं का!"

मास्तर घाईत होते. ती तार नळीत सरकवायला नाजूक हात लागतो. त्यांनी खालची खाच बघितली, खोटं उचलून वरच्या फळीवर मागे सारलं, आपलं भारीतलं पिस्तूल खाचेत नीट उभं केलं, किल्ली परत दिली आणि खाली पळाले.

पडदा वर गेला. दुसऱ्या अंकात मामांनी तोंड फिरवून खाचेतलं पिस्तूल काढलं आणि चष्मेवाल्यांच्या हातात दिलं. मग त्यांना राहवेना. मास्तरांनी नीट लटकवलं असेल ना? पडलं तर? ते पुन्हा तिजोरीपाशी गेले आणि छाती धरून आत बघितलं. एक तार मोकळी. वरच्या फळीवर, मागे, एक पिस्तूल आडवं.

"काय हे मास्तर," असं पुटपुटत त्यांनी ते दोन बोटांत उचललं आणि तारेवर सरकवायला गेले. जाईना. रबर फुगलं असेल म्हणून पुन्हा लावून बघितलं. जाईना. नळी बुजलेली होती.

इकडे स्टेजवर मी खुर्चीत बसले होते आणि चष्मेवाले शेवटचं भाषण करत होते. मी विंगेत नजर टाकली. फळी होती. फळीवर पाय नव्हता. नटाला याच्याइतकी भीती कशाची वाटत नाही. चाप ओढला आणि आवाज झाला नाही तर मरायचं कसं? मी डोळ्यांनी खुणावलं, पण चष्मेवाल्यांना खूण दिसतेय कुठे! त्यांनी पिस्तूल माझ्या छातीवर धरलं.

"थांब," मी म्हणाले. नाटकात असं वाक्य नव्हतं. "मरण्याआधी मला पाणी हवंय."

चष्मेवाले गडबडले. "पाणी... पाणी नाही मिळायचं!"

"एक घोट."

"अर्धासुद्धा नाही!" आणि त्यांचं बोट चापावर वळलं.

तेवढ्यात विंगेतून मामा आले. अंगात बनियन, पायांत रबरी चपला. पळत आले, माझ्या आणि पिस्तुलाच्या मध्ये उभे राहिले. प्रेक्षकांकडे पाठ. त्यांच्या पाठीवरचा बनियन घामानं चिकटला होता आणि आतली पाठ थरथरत होती, ती मला हातभरावरून दिसत होती.

"तू कोण रे?" चष्मेवाल्यांनी खलनायकाच्याच आवाजात विचारलं.

"पेटीमामा."

प्रेक्षागृह खो खो हसलं.

"बोट काढा," मामा म्हणाले. "चष्मेवाले, बोट काढा आधी. खोटं तिजोरीत आहे."

चष्मेवाल्यांचं बोट सुटलं, पण हात तसाच हवेत राहिला. मामांनी दोन्ही हातांनी ते पिस्तूल धरलं, नळी मागच्या भिंतीकडे वळवली, हळूच सोडवून घेतलं आणि तसेच जमिनीवर बसले. पडदेवाल्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं पडदा पाडला.

तळघरातून मास्तरांना बोलावून आणलं. त्यांनी पिस्तूल उघडलं, आत बघितलं आणि श्वास सोडला. रिकामं होतं.

"रिकामं!" आमच्या कंपनीचे मॅनेजर किंचाळले. "रिकाम्या पिस्तुलासाठी रंगलेला अंक बुडवलात!"

"हे आत्ता कळलं साहेब," मामा खालूनच म्हणाले. "मगाशी कुणाला ठाऊक होतं?"

मॅनेजर मास्तरांकडे बघू लागले, मास्तर जमिनीकडे. मी मामांच्या शेजारी बसले आणि त्यांचा हात हातात घेतला. बाहेर प्रेक्षक टाळ्या पिटत होते, तेव्हा तो प्रवेश पुन्हा करावा लागला. मामांचा पाय फळीवर इतका लटपटत होता, की चष्मेवाल्यांचा हात वर जायच्या आधीच फळी वाजली. मी मेले. दुसरं काय करणार?

प्रयोग संपल्यावर मामांनी तिजोरी उघडून धरली. या वेळी तोंड फिरवलं नाही.

"मास्तर, सगळी घेऊन जा. आजच."

"मामा, माझं चुकलं. पण जागा तर आहे की, आणि तुम्ही किती छान..."

"जागा आहे. मी नीट बघत नव्हतो. इथे बघणारा माणूस पाहिजे, आणि तो मी नाही."

मास्तरांनी तारांसकट सगळी पिस्तुलं नेली. पुढे मॅनेजरांनी त्या रिकाम्या फळ्यांवर टोप आणि दाढ्या ठेवायचा घाट घातला, तर मामा दारात आडवे उभे राहिले. ज्या माणसानं किटलीचं पोट कधी रिकामं ठेवलं नाही, त्याच्या तिजोरीत त्यानंतर ते एकच खोटं पिस्तूल उभं असायचं. डबासुद्धा त्यांनी बाहेर खुंटीला अडकवला.

"मामा, एवढी जागा वाया जातेय," मी एकदा चेष्टेनं म्हणाले.

"जाऊ द्या बाई," ते म्हणाले, आणि कुलूप लावून दार दोनदा ओढून बघितलं.