पंख्याचं पत्र

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. जिला मी पायाच्या नखाची तक्रारही दिवसातून दोनदा सांगतो, तिला नाही. आईला नाही. तुला सांगतोय, कारण तू कोण, कुठचा, मला ठाऊक नाही — आणि कदाचित म्हणूनच जमेल. बघू.

आमच्या घरात गोष्टी सांगायचं काम माझ्याकडे आहे. लग्न असो, नामकरण असो, अगदी आम्हा बौद्धांत मेलेल्यासाठी करतात ते पुण्यानुमोदन असलं तरी जेवणं आटोपली की पोरं मला घेरतात. "बडे पापा, प्रिन्सिपलवाली सुनाओ न!" त्यांची मराठी अर्धी हिंदीत भिजलेली, माझी हिंदी पूर्ण मराठीत. मग मी पोट सावरून खुर्चीत बसतो आणि मावसाजींचा आवाज काढतो. आवाज हुबेहूब येतो म्हणतात. माणूस मात्र तसा निघालो नाही — पण ते पोरांना कुठे ठाऊक?

मावसाजी म्हणजे माझ्या मावशीचे यजमान, गजभिये सर. बावीस वर्षं आमच्या बालाघाटच्या एका कॉलेजचे प्राचार्य. कॉलेजचं नाव राहू दे. आमच्या समाजातून त्या खुर्चीत बसलेला पहिला माणूस. मला त्यांनीच तिथं कारकून म्हणून चिकटवलं, रोजीवर. पहिल्या दिवशी मी केबिनमध्ये जाऊन म्हणालो, "मावसाजी, कुठं बसू?" त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, "बाहेर जाय. दार ठोक. मंग सर म्हणून ये." गेलो. ठोकलं. आलो. त्यानंतर इतकी सवय लागली की घरी मावशीच्या स्वयंपाकघराचंही दार ठोकून आत जात असे. ही गोष्ट पोरांना फार आवडते. बघ, तुलाही सांगून टाकली. मी असाच फिरतो. मुद्द्याजवळ येतो आणि विनोद करून पुढे सरकतो.

दुसरी आवडती गोष्ट शनिवारच्या पेटीची. ती सांगायलाच हवी, कारण सगळं तिथंच आहे.

वाचनालयाच्या दाराशी लाल पत्र्याची पेटी होती. ज्याला जे खटकेल ते लिहून टाकावं, सही करा न करा. किल्ली सरांकडे. दर शनिवारी शेवटचा तास संपला की सगळ्यांसमोर, हॉलमध्ये, पेटी उघडायची आणि प्रत्येक पत्र मोठ्यानं वाचायचं. आधी कोणी त्यात डोळा घालायचा नाही. हातात घ्यायचं, उघडायचं, वाचायचं. आणि सरांनी उत्तर तिथंच, उभ्या उभ्या द्यायचं. भूगोलाचे सर नकाशा उलटा टांगतात. मुलींच्या बाथरूमला कडी नाही. एकदा कोणीतरी लिहिलं, "प्राचार्य महोदय सात साल से एक ही कोट पहन रहे हैं." सर म्हणाले, "गलत. आठ साल से." हॉल कोसळला होता हसून. भरवेलीहून खाणकामगारांची पोरं सायकली मारत यायची, ज्यांना घरी कोणी काय खुपतं म्हणून विचारत नसे, ती शनिवारी थांबायची. आपलं लिहिलेलं एक मोठा माणूस भर सभेत ऐकतो, हे बघायला.

मग सरांचे डोळे जायला लागले. काचबिंदू. मोठी अक्षरं दिसत, हाताचं लिखाण नाही. हे मला आणि मावशीला ठाऊक होतं, तिसऱ्या कोणाला नाही — कारण तेव्हा त्यांचं निवृत्तीचं वय उलटून गेलं होतं आणि संस्थेचे अध्यक्ष दर वर्षी मुदत वाढवून देत होते. आंधळ्या होत चाललेल्या माणसाला कोण वाढवून देतं? म्हणून पत्रं मी वाचू लागलो. लोकांना वाटलं, साहेबांचा रुबाब वाढला, आता वाचायला माणूस लागतो. खरं म्हणजे साहेबांचे डोळे मी होतो.

आता बघ. आता इथून पुढे मला जड जातं.

त्या शनिवारी पाच-सहा पत्रं होती. तिसरं काढलं. प्रॅक्टिकलच्या वहीचं पान, एक बाजू कोरी, एक बाजू रेघांची. उघडलं. मराठीत होतं. आमच्याकडे सगळे हिंदीत लिहायचे. हे मराठीत, आमच्या घरच्या मराठीत. खाली सही. पूर्ण नाव नाही, पण पुरेसं — वंदना, बीएस्सी दुसरं वर्ष, कटंगी.

"सर, केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलले आम्हा चार पोरींचा टेबल येगळा ठेवते. काचेचं सामान येगळं. बाकीच्यांचं झालं की त्यायचं सामान आम्हालेच धुवा लावते. काहून म्हटलं तर म्हनते, तुमच्या घरचं काम आहे, तुम्हाले जमते. तुम्हाले माहीत असतं तर तुम्ही होऊ देलं नसतं, म्हणून लिहून राह्यली."

एवढंच. शब्द न् शब्द पाठ आहे मला. बाकी तर मी किराण्याची यादीही विसरतो.

केमिस्ट्री कोण शिकवायचं? अध्यक्षांचा जावई. अध्यक्षांच्या टेबलावर त्याच आठवड्यात काय होतं? सरांच्या मुदतवाढीचा कागद — आणि त्याच्या खाली, मला पक्का करण्याचा. आठ वर्षं रोजीवर होतो मी. घरी दोन लेकरं.

आणि सर काय करतील, याबद्दल मला तीळभरही शंका नव्हती. पुढल्या मिनिटाला त्यांनी त्या जावयाला हॉलमध्ये बोलावून घेतलं असतं. घाबरून वाचलं नाही असं म्हणायला सोपं आहे — पण सर ऐकतील की नाही, ही भीती नव्हती मला. ऐकतील, हे माहीत होतं, म्हणून वाचलं नाही.

किती वेळ गेला असेल? दोन श्वास? सर म्हणाले, "वाच न." आणि मी त्या पानाकडे बघत, स्वच्छ आवाजात, हिंदीत वाचलं — "वाचनालय का पंखा बहुत आवाज करता है, पढ़ने में बाधा होती है."

तोंडात पंखा कुठून आला, देव जाणे. आमच्यात देवही नाही.

सरांनी पत्र लिहिणाऱ्याचे आभार मानले. सोमवारपर्यंत पंखा दुरुस्त होईल म्हणाले. आणि मी मान वर केली तेव्हा तिसऱ्या ओळीत एक सावळी, उंच पोरगी बसली होती, मांडीवर दप्तर घट्ट धरून. तिनं आपलं पान ओळखलं होतं. एवढ्या लांबूनही ओळखता येतं, एक बाजू कोरी, एक बाजू रेघांची. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती सरांकडे बघत होती. तिला काय दिसलं असेल? एक मोठा माणूस, शांतपणे पंख्याचं बोलणारा.

सोमवारी मिस्त्री आला. शिडी लावून पंखा खाली उतरवला, फिरवून पाहिला. मला म्हणाला, "बाबूजी, इसमें तो कुछ है ही नहीं." मी म्हटलं, तेल घाल. तेल घातलं त्यानं.

पत्र माझ्या पँटच्या खिशात राहिलं आणि बायकोनं पँट धुतली. लगदा हातात घेऊन ओरडली, "खिसे पाहून टाकत जा न! कामाचं काही होतं का?" मी म्हटलं, नाही. आठवणीनं काढून ठेवायचं होतं, राहून गेलं, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. खरंच राहून गेलं होतं का? पँट मीच बादलीत टाकली होती.

पुढच्या शनिवारी ती पुन्हा आली, त्याच ओळीत बसली, शेवटचं पत्र संपेपर्यंत. त्यानंतर आली नाही. परीक्षेच्या आधी तिच्या टीसीचा अर्ज माझ्याच टेबलावर आला. टीसी हातानं लिहायची असे, आणि त्यात एक रकाना — कॉलेज सोडण्याचं कारण. ती समोर उभी. मी खाली बघून विचारलं, "काय लिहू?"

"तुम्हाले मनचं वाचता येते न," ती म्हणाली, "मंग मनचंच लिहा."

मी "घरेलू कारण" लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात.

सरांना मुदत मिळाली. मी पक्का झालो. मावशीनं पेढे वाटले. सर आणखी काही वर्षं राहिले, नवी इमारत झाली, मुलींचं वसतिगृह झालं — चांगली कामं झाली रे, ते खोटं नाही. निरोपाच्या दिवशी ते उभे राहिले आणि म्हणाले, "मैंने बहुत गलतियाँ की होंगी. लेकिन इस पेटी का एक भी पत्र बिना पढ़े नहीं रहा." टाळ्या थांबेनात. सगळ्यात जोरात कोण वाजवत होतं, ते तू ओळखलंच असशील.

नंतर त्यांना अजिबात दिसेनासं झालं. दर रविवारी मी त्यांच्याकडे जाऊन पेपर वाचून दाखवायचो. एकदा वाचता वाचता त्यांनी हात वर केला.

"एक सांग. ते पंख्याचं पत्र कोणाचं होतं रे?"

एवढ्या वर्षांनी. शेकडो पत्रांतून ते एकच.

"सही नव्हती, सर."

"पंखा तर चांगला होता. मी रोज त्याच्याच खाली बसो. अन् तू वाचायच्या आधी थांबला होता."

ते वाट बघत राहिले. डोळे नसलेला माणूस वाट बघतो तेव्हा सगळा चेहरा वाट बघतो. तेव्हा सांगायचं होतं. दार उघडून दिलं होतं त्यांनी, ठोकायचीही गरज नव्हती. मी म्हटलं, "अक्षर लागत नव्हतं, सर."

"बरं," ते म्हणाले. "पुढचं वाच."

गेल्या पौषात ते गेले. शोकसभेत मी त्यांच्या गोष्टी सांगितल्या, लोक रडता रडता हसले. अशी दाद मला कधी मिळाली नव्हती.

तुला वाटेल, झालं, हीच कबुली. मलाही वाटत होतं की एवढ्यावर थांबता येईल.

होळीच्या सुमारास सासूबाईंची साखर तपासायला कटंगीला गेलो. माझं सासर तिथलं. बसस्टँडमागे एक छोटी लॅब आहे, तिथं साळ्यानं नेलं. हातमोजे घातलेल्या बाईनं सासूबाईंचा दंड बांधला, एका झटक्यात शीर धरली, म्हातारीला कळलंही नाही. केस पिकायला लागलेले. रक्ताच्या नळीवर नाव लिहिताना तिनं मला पाहिलं आणि पेन थांबला.

"बाबूजी न तुम्ही? कॉलेजचे?"

सासूबाईंना साळ्यानं बाहेर नेलं. आम्ही दोघंच.

"सर कसे आहेत?"

"गेले. पौषात."

ती स्टुलावर बसली. हातमोजे काढले, एक एक बोट करत. मग म्हणाली, "एक विचारू? इतकी वर्षं मनात आहे. मी घरी सगळ्याइले सांगत जाओ, का सर तसे नव्हते. माझा बाप म्हने, सगळे तसेच असते, खुर्ची भेटली का. मी भांडो त्याच्याशी. ते पत्र — सरांनीच सांगतलं होतं का तुम्हाले, वाचू नोको म्हणून?"

बघ, तेव्हा काय अडलं होतं? मुदतवाढ नव्हती. नोकरीची भीती नव्हती, मी निवृत्तीला टेकलेला. अध्यक्षही कधीच वर गेले. सर तर नव्हतेच. माझ्याकडून कोणी काही हिसकावून घेणार नव्हतं. फक्त समोर एक बाई होती, आणि ती माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, "हौ."

तिनं मान हलवली. रागावली नाही. नुसती हलवली, बराच वेळ. "बरं झालं सांगतलं," म्हणाली. "बाप खरंच म्हणत होता मंग." आणि उठून नळी स्टँडमध्ये ठेवली. "रिपोर्ट संध्याकाळी भेटन."

रिपोर्ट आणायला मी साळ्याला पाठवलं.

तिच्या घरी आता गजभिये सर कसे होते, हे माझ्या त्या एका शब्दावरून ठरलं आहे. बालाघाटहून कटंगीला दिवसभर बसेस असतात. लॅब बसस्टँडच्या मागेच आहे, रविवार सोडून उघडी असते. होळीनंतर मी दोनदा कटंगीला जाऊन आलो, एकदा लग्नाला, एकदा सासूबाईंना बघायला. दोन्ही वेळा स्टँडवर उतरलो नाही. अलीकडच्या थांब्यावर उतरलो आणि चालत गेलो.