बुवांची निळी पेटी

भजनात कोणी बेसूर झालं की आमचे बुवा पेटीवरचा एक हात उचलून 'थांब' म्हणून त्याच्यासमोर आडवा धरायचे. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत हा मान बहुतेक वेळा मलाच मिळे. तुमच्याही मंडळात असा एखादा हौशी गायक असेलच. त्याला माझा नमस्कार सांगा.

मग बुवांच्या घशाचं ऑपरेशन झालं. बोलणं कुजबुजीएवढं उरलं, गाणं कायमचं बंद. गणपतीतली डबलबारी ठरलेली होती. दोन बुवा आमनेसामने बसून आळीपाळीनं गाणार, एकमेकांना डिवचणार.

"बुवाच मुको झालो, आता बारी कसली? रद्द कर," बुवा म्हणाले.

रद्द करायचं सोडून मी शहाणपणा केला. मंडळाची पेटी अवजड, निदान घरी बसल्या बसल्या वाजवतील म्हणून ऑनलाइन 'छोटी पेटी' मागवली. फोटो नीट बघेन तो मी कसला! खोक्यातून निघाली मेलोडिका. निळीशार, हातभर लांब, पट्ट्या पेटीसारख्या, पण नळी तोंडात धरून फुंकायची.

"ह्या काय रे? पोरांचा खेळणा?"

"सॉरी बुवा, परत पाठवतो."

पण बुवांनी डॉक्टरांना फोन लावायला लावला. फुंकायला हरकत नव्हती. रुमालानं नळी पुसली, तोंडात धरली आणि गजराची ओळ काढली. तीच मुरकी, शेवटी तोच हेलकावा. काकू लाटणं हातात घेऊनच बाहेर आल्या.

"अहो, गायलात काय?"

बुवांचे डोळे भरले. "मग, बारी रद्द ना?" मी विचारलं. हात आडवा.

बारीला समोरचे भांडुपचे बुवा मांडवभर हसले. "तोंडात नळी! मग गाणार कोण रे? तुमचो गणपती?"

खरं सांगतो, हा प्रश्न मला तोवर पडलाच नव्हता. माझी तर वाटच लागली. बुवांनी शांतपणे ओळ फुंकली आणि आमच्याकडे बोट केलं. शब्द आम्हाला वर्षानुवर्षं पाठ. सूर त्यांचा, शब्द आमचे. पखवाज चढला, माणसं खुर्च्या सोडून उभी राहिली.

डबलबारीत समोरच्याच्या गजराला साथ करायची नाही, टाळ मांडीवर ठेवून गप्प बसायचं. आधी त्यांचे टाळ वाजू लागले. मग त्यांचा कोरस. शेवटी भांडुपचे बुवा स्वतःच डोळे मिटून गायला लागले, आमच्यापेक्षा वरच्या पट्टीत.

बारी संपल्यावर ते उठून आले, पाया पडले. म्हणाले, "बुवानू, जरा माका फुंकूक देवा."

आमच्या बुवांनी नळी रुमालात गुंडाळली.

"उष्टी आसा," ते कुजबुजले. मग माझ्याकडे बोट केलं. "तुमका येगळी होई तर ह्या झिलाक सांगा. चुकान बरा मागयता."