दर्यावाल्या सरांचं पालथं पिंप

दर्यावाले सर उभ्या जन्मात घोट्याच्या वर समुद्रात गेले नव्हते, आणि जीव मात्र सगळा समुद्रात! आमचं इंजिनिअरिंगचं कॉलेज संभाजीनगरात. इथं नळाला पाणी येण्याचा दिवस सणासारखा, आणि हे शिकवायचे समुद्रातल्या पवनचक्क्यांचे पाये. पोरं हसायची, हसू द्यायचे.

पोलादी खांब घणानं ठोकून समुद्राच्या तळात घालतात, त्या दणक्यानं डॉल्फिन सैरभैर होतात, हे सांगताना सर लालबुंद व्हायचे. "अरे, कायकू ठोकते? कुणाच्या घरात शिरताना दार फोडतेत व्हय?"

त्यांचा उपाय साधा होता. लोखंडी पिंप वाळूवर पालथं ठेवायचं आणि आतलं पाणी पंपानं ओढायचं. बाहेरच्या पाण्याच्या दाबानं ते आवाज न करता वाळूत उतरतं. लॅबमागच्या, तळाला वाळू घातलेल्या हौदात त्यांनी मला ते कितीदा तरी करून दाखवलं. पथ्य एकच, ओढलेलं पाणी परत हौदातच सोडायचं, नाहीतर हौद आटतो आणि बाहेरचा दाबच उरत नाही.

सर निवृत्तीला आले तेव्हा एका कंपनीची माणसं कशीबशी यायला तयार झाली. पटलं तर निदान एक पाया तरी असा घालू, म्हणाली. सरांची ती शेवटची आशा होती. पंप सुरू झाला, पिंप वीतभर उतरलं. सर लहान मुलासारखे हसले. आणि मग हौदातलं पाणी उतरत उतरत वाळूला टेकलं, हवा आत शिरली, पिंप गुरगुरलं आणि तिरकं होऊन अडकलं. मी पाहिलं तर पंपाच्या नळीचं तोंड भिंतीकडेच्या, पाणी साठवायच्या ड्रमात! सरांनी स्वतःच घातलेलं. जन्मभर थेंब न् थेंब साठवणारा हात, सवयीनं गेला. पाहुणे निघून गेले. पुन्हा एकदा बघा म्हणून सर गाडीपर्यंत अक्षरशः धावले. कुणी काच खाली केली नाही. माझं डोकं असं फिरलं होतं!

पुढं कॉलेजनं हौद बुजवून पार्किंग केलं.

मी आता एका बंदराच्या कामावर आहे. परवा सरांचा फोन आला. अंथरुणाला खिळलेत, आवाज पार खोल गेलाय.

"मागं खांब ठोकतेत का गं?"

"व्हय, सर." मला रडू फुटलं. "मी लांब जाते, नाहीतर नंतर लावते."

"नको, ठेवू नको. ऐकू दे मला. त्या माशांना कुठं फोन ठेवता येतोय?"