आकडा की अक्षर

अक्कांना कुणी नुसता आकडा सांगितला तर त्या काम थांबवत. चहावाल्याने "साखर दोन?" असं विचारलं तरी त्या विचारत, "दोन काय? चमचे की दाणे?" चहावाला हसे. अक्का हसत नसत. उत्तर मिळेपर्यंत थांबत.

अक्का पाटील मूळच्या धुळ्याच्या. तिथल्या एका तंत्रनिकेतनात त्यांनी काही वर्षं गणित शिकवलं होतं. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस जळगावच्या हद्दीबाहेर केळीच्या रोपांची प्रयोगशाळा निघाली. तिथे प्रोग्रामिंगसाठी त्यांना घेतलं, तेव्हा त्या पंचेचाळिशीला आल्या होत्या. रोज पाचोऱ्याहून रेल्वेने येत. ऑफिसात प्रमाण मराठी बोलत, पण राग आला की अहिराणीवर जात. त्यामुळे राग आलाय हे सगळ्यांना लगेच कळे. मी तिथे रोजच्या नोंदी ठेवत असे.

प्रयोगशाळेत सहा बंद खोल्या होत्या. काचेच्या बाटल्यांत बोटभर रोपं वाढत. चार नंबरच्या खोलीत मातृरोपं होती. पुढची सगळी रोपं त्यांच्यापासून व्हायची. ती गेली तर पुन्हा शेतातून निवड करून सुरुवात, म्हणजे दोन वर्षं. बाहेर मे महिन्यात पंचेचाळीस अंश असे आणि आत अठ्ठावीसच्या वर जाऊन चालत नसे.

प्रत्येक खोलीतलं मीटर ऑफिसातल्या कॉम्प्युटरला तापमान पाठवी. पडद्यावर एका चौकटीत सहा आकडे दिसत. अठ्ठावीस ओलांडले की भोंगा वाजे. पण चौकट उघडी असेपर्यंतच. कुणीतरी पत्ते खेळायला ती बंद केली आणि दोन नंबरमधली मांडणीभर रोपं करपली. खेळणारा सापडला नाही. प्रयोगशाळेच्या साहेबांनी हुकूम दिला : आठ दिवसांत हा प्रोग्राम चौकटीतून काढून पडद्यामागे टाका. मशीन सुरू झालं की तो आपोआप सुरू व्हावा आणि कुणाला बंद करता येऊ नये. अशा प्रोग्रामला सर्व्हिस म्हणत.

काम अक्कांकडे आलं. जोडीला देशमुख होते, वयाने तिशीचे, हाताने चपळ. जुना प्रोग्राम तापमान थेट मीटरकडून घेत नव्हता, पडद्यावरच्या चौकटीतून वाचत होता. चौकटीत असतं ते अक्षर, आकडा नव्हे. चौकट काढल्याबरोबर प्रोग्राम जागोजागी अडला : आकडा हवा तिथे अक्षरं आली आहेत. अशा शहाऐंशी चुकांची यादी निघाली. अक्कांनी ती कागदावर छापून घेतली आणि एकेका ओळीसमोर बोट ठेवून विचारायला सुरुवात केली, "हाई काय शे? आकडा शे का अक्षर शे, ते पहिले सांग."

सातव्या दिवशी बारा चुका उरल्या. देशमुखांनी घरून येताना स्वतःची वेगळी प्रत तयार करून आणली होती. तिच्यात प्रत्येक ठिकाणी आकडा असो की अक्षर, काहीही चालेल असं लिहून टाकलं होतं आणि जे आकडा नसेल ते शून्य धरलं होतं. यादीत एकही चूक उरली नव्हती.

"बघा अक्का, सगळ्या गेल्या."

"गयात नही, भो. त्यासनं बोलनं बंद व्हयनं."

साहेब मागे उभे होते. "चालतंय ना? मग आजच लावा. बाकीचं नंतर." दुपारी बारा वाजता देशमुखांची प्रत सुरू झाली. पडद्यावर काहीच नव्हतं. भोंगा शांत होता.

अक्का आपल्या बारा ओळींवर परत गेल्या. पावणेदोनला त्यांनी सर्व्हिस मशीनमध्ये आपोआप लिहीत असलेली नोंदवही उघडली आणि मला जवळ बोलावलं. चार नंबरसमोर पाऊण तास एकच आकडा होता : शून्य.

"देशमुख, चार नंबरमध्ये शून्य अंश आहे."

"म्हणजे थंड आहे. बरंच की."

"मे महिन्यात? जळगावात?"

त्या उठल्या तेव्हा खुर्ची पडली. चार नंबरचं दार उघडलं तर आतून वाफ अंगावर आली. भिंतीवरचा पारा तेहतीसवर होता. वीजतंत्री एसी उघडून, सुटा भाग आणायला गावात गेला होता. एसी उघडताना त्याच्या हातून मीटरची तार निघाली होती. तार निघाली की ते मीटर तीन आडव्या रेघा पाठवी. पूर्वी त्या पडद्यावर दिसत आणि माणूस धावत जाई. आता त्यांचं शून्य झालं होतं, आणि शून्य अठ्ठाविसाच्या खाली.

आम्ही नऊ जणांनी ट्रे उचलून एक नंबरमध्ये नेले. देशमुख सगळ्यात जास्त फेऱ्या मारत होते.

संध्याकाळी पाचला अक्कांची प्रत लागली. तीत तीन रेघा आल्या की भोंगा वाजायचा. त्यांनी सहाही खोल्यांची तार स्वतः काढून पाहिली. सहाव्या वेळी माळी ओरडला, "अक्का, कान फुटनात ना!"

वरच्या दोन फळ्यांवरची रोपं काळी पडली, उरलेली मातृरोपं जगली. साहेबांनी अहवाल मागितला. अक्कांनी लिहिलं : "रेघांची ओळ माझ्या यादीत शेवटी ठेवली होती. ती पहिली हवी होती. चूक माझी." देशमुखांनी तो वाचला आणि खाली लिहिलं : "यादी पूर्ण होण्याआधी माझी प्रत लावली. चूक माझी." साहेबांनी स्वतः दिलेल्या हुकमाचा उल्लेख त्यात कुठेच नव्हता. तरी पंधरा दिवसांनी अक्कांची धुळ्याच्या विक्री कार्यालयात बदली झाली. तिथे कॉम्प्युटर नव्हता.

बसस्टँडवर देशमुख अक्कांची बॅग घेऊन आले होते. "अक्का, तुम्ही तुमचं नाव घातलंच नसतं तर?"

"नावं तर दोन दिधात, भो. सायबले एकच दिसनं."

बस धुळ्याकडे गेली. त्याच आठवड्यात चार नंबरच्या वाचलेल्या मातृरोपांना फुटलेली पहिली पिलं वेगळी करून नव्या बाटल्यांत लावली गेली. नोंद मीच केली.