लाल मार्कर घरी ठेवून बुरैदाला

बुरैदाला जायचं ते खजुरासाठी, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं कारण मागच्या सीटवर गरम पाण्याचा थर्मास धरून बसलं होतं: माझे रुसलेले विद्यार्थी, चेन.

मी श्रीवर्धनची. नवरा इरफान सौदीत राबिघच्या रिफायनरीत आहे आणि मी तिथल्या चिनी टेक्निशियन मंडळींना संध्याकाळी इंग्रजी शिकवते. चेन पन्नाशीचे, बाकी सगळी पंचविशीतली. महिन्यापूर्वी मी चेनना फळ्यासमोर उभं करून वाचायला लावलं आणि एकेक चूक लाल मार्करने फळ्यावर लिहिली. आमच्या शाळेत बाई आवडत्या मुलालाच असं उभं करायच्या! वर्ग मात्र माना खाली घालून बसला. दुसऱ्या दिवसापासून चेन गायब. "त्यांना काम आहे, टीचर," असं सगळे सांगायचे आणि मीही भोळेपणाने मानायची.

शेवटी लिनने, वर्गातल्या एकुलत्या एक मुलीने, खरं सांगितलं: पोरांसमोर चुका निघाल्या म्हणून ते लाजून येत नव्हते. आणि त्यांची लवकरच इंग्रजीतून मुलाखत होती. पास झाले तर सुपरवायझर, नाहीतर करार संपला की घरी. त्यांची मुलगी अजून कॉलेजात शिकतेय. आता त्यांना परत कसं आणायचं, मी तिलाच विचारलं.

"सहलीला बोलावा," लिन म्हणाली. "टीचरला ते नाही म्हणणार नाहीत."

तर शुक्रवारी पहाटे इरफान, लिन, चेन आणि मी असे चौघं निघालो. रस्ता झकास, पण दिवसभराचा. मदिनेला बाहेरून वळसा घालून पुढे नुसतं वाळवंट. पाणी भरपूर घ्या, आणि शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी हॉटेलं बंद असतात हे विसरू नका. आम्ही विसरलो. मग उशिरा कब्सा म्हणजे मटण-भात मिळाला, एका ताटात चौघांना पुरून उरेल एवढा. चेननी मटणाचा सगळ्यात चांगला तुकडा गुपचूप माझ्या बाजूला सरकवला. मी "सॉरी" म्हणणार, तोच लिनने माझ्या पायावर पाय दिला.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "माफी नको. टीचरने माफी मागितली तर ते आणखी लाजतील."

"मग करू काय?"

"त्यांना येतं असं काहीतरी विचारा."

बुरैदात हंगामात खोली आधीच ठरवून ठेवा. आणि बाजार बघायचा तर उजाडताच पोचा. पिकअपच्या रांगाच रांगा, त्यांत सोनेरी सुक्करी खजुराचे खोके, आणि भाव पुकारणाऱ्यांचा गलका. इरफानने सगळ्यात चकचकीत खोक्याला हात घातला.

मी चेनकडे वळले. "कुठला घेऊ? मला कळत नाही."

ते थबकले. मग खोक्यात बोटं घालून तळाचे खजूर वर काढले. "वर छान. खाली आजारी," ते इंग्रजीत म्हणाले. त्यांच्या वडिलांची बोरांची बाग होती, हे मला तेव्हा कळलं. मग काय, गाडी सुटलीच! फळ कसं दाबायचं, साल कुठे सुटते, ऊन जास्त झालं की काय होतं, सगळं मोडक्यातोडक्या इंग्रजीत, हातवारे करत. विक्रेता हसून "खलास, खलास!", म्हणजे पुरे पुरे, असं म्हणाला आणि त्याने दुसरा खोका काढला. क्रियापदं कुठच्या कुठे पडत होती, माझी जीभ नुसती वळवळत होती. मी तोंड मिटून उभी.

"तब्येत बरी आहे ना तुझी?" इरफानने विचारलं.

परतीच्या वाटेवर सगळे पेंगत होते. चेन वर्गाबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. राबिघ आलं, ते थर्मास घेऊन उतरले, दोन्ही हातांनी माझा खोका माझ्या हातात दिला आणि गेले. वाटलं, ही सहल खजुराचीच झाली.

आता खजूर अर्ध्यावर आलेत. मुलाखत अजून व्हायचीय. पण रविवारी चेन वर्गात आले, स्वतःहून उभे राहिले आणि वाचलं. चुका ढीगभर. मी फक्त "छान" म्हटलं. तास संपला, सगळे गेले. चेन मागे थांबले. त्यांनी दार लावून घेतलं, वही माझ्यासमोर उघडली आणि खिशातून लाल पेन काढून माझ्यापुढे धरलं.

"आता सांगा, टीचर. सगळ्या."