पाणीवालीची आधीची गोष्ट

त्या दिवशी आम्ही चौघं होतो. मी, माझी लेक, जावई आणि नात. दिल्लीत मयूर विहारला लेकीच्या घरी मी राहते, तिथून मेट्रोने मॉलला गेलो. पाचवं कोणी नव्हतं. त्यातले जावई अर्धा सिनेमा झोपलेले होते, तेव्हा तीनच धरा.

सिनेमा तो आकाशातल्या जहाजाचा. त्याचे आधीचे तीन भाग मी टीव्हीवर हिंदीत पाहिलेत. किती वेळा ते विचारू नका. रिटायर झाल्यावर दुपारी घरात मी एकटीच असायची, तेव्हा नातीने एकदा लावून दिला. तिला वाटलं आजी पाच मिनिटांत झोपेल. मी झोपले नाही. एक भलंमोठं जहाज आहे, पृथ्वी सोडून निघालेलं. आत हजारो माणसं आणि पाणी मोजकं. त्यात सगळ्यात खालच्या मजल्यावर एक म्हातारी आहे. पाण्याच्या टाकीपाशी बसते, टाकीची चावी तिच्या गळ्यात. कॅप्टन आला तरी त्याला रांगेत उभा करते. तिन्ही भाग मिळून तिचं काम पंधरा मिनिटांचं नसेल, पण मला तीच आवडली. कारण मी पण तेच काम केलं, तीस वर्षांच्या वर. कस्तुरबा गांधी मार्गाच्या बाजूला एका सरकारी ऑफिसात मी पाणीवाली होते. माठ भरायचे, कूलर भरायचे, टेबलाटेबलावर ग्लास पोचवायचे.

ती म्हातारी पाणी देताना समोरच्याच्या भांड्याकडे बघत नाही, ओठांकडे बघते. कोणाला किती तहान आहे ते ओठांवर कळतं. ज्याने हे सिनेमात घातलं त्याने कधीतरी उन्हाळ्यात पाणी वाटलंय, हे मी लिहून देते.

तर नात एक दिवस म्हणाली, "आजी, तुझ्या पाणीवालीचा प्रीक्वेल येतोय."

"ते काय असतं?"

"म्हणजे आधी काय झालं ते. ती यंग होती तेव्हाचं. पिक्चर नंतर बनवतात, पण गोष्ट आधीची असते."

"मग आधीच का नाही सांगितली?"

"तेव्हा कोणाला माहीत होतं यार, ती लोकांना एवढी आवडेल."

जावई पेपर वाचत होते. म्हणाले, "आई, हे म्हणजे लग्न झाल्यावर पत्रिका बघण्यासारखं झालं."

लेक आतून म्हणाली, "तुमची आधी बघितली नाही तेच बरं. बिनलग्नाची राहिले असते मी."

सिनेमा लागायला अजून दोन महिने होते. मी त्या दोन महिन्यांत मनाशी सगळा सिनेमा रचून ठेवला होता. तिला चावी कशी मिळाली असेल, पहिल्या दिवशी तिच्या हाताला फोड आले असतील का, लोक तिला काय म्हणाले असतील. मला बरोबर माहीत होतं काय दाखवायला पाहिजे.

थिएटरात खुर्ची इतकी मऊ की मी पुढे सरकून बसले. सिनेमा सुरू झाला. पाणीवाली तरुण आहे, नवरा टाकीवर काम करतो. एक दुष्ट माणूस आहे, दाढीवाला, त्याला टाकी पाहिजे. तो नवऱ्याला मारून टाकतो. मग ती नवऱ्याला मांडीवर घेऊन बसते. तीन दिवस. रडते, ओरडते, वर आकाशाकडे बघते. माझ्या शेजारी लेक डोळे पुसत होती. नंतर ती उठते, त्या दाढीवाल्याला नुसत्या हातांनी मारते आणि त्याच्या गळ्यातली चावी आपल्या गळ्यात घालते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जावई त्या आवाजाने जागे झाले आणि त्यांनीही वाजवल्या.

बाहेर येऊन आम्ही वरच्या मजल्यावर खायला बसलो. नातीचा मोबाईलवर चॅनेल आहे, सिनेमे बघून आल्यावर काय वाटलं ते ती तिथे सांगते. आधी तिने स्वतःचं सांगितलं. तिला राग आला होता. म्हणाली, तीन पार्ट ती मिस्टरी होती, आता सगळं सांगून टाकलं, मजाच गेली. मग मोबाईल माझ्याकडे फिरवला. "आता आमची आजी, सगळ्यात मोठी फॅन. आजी, बोल. कसा वाटला?"

मी म्हटलं, "जहाज चांगलं दाखवलं. बाकी खोटं आहे."

"बिल्कुल खोटं?"

"तीन दिवस ती बसून राहिली, तर तीन दिवस पाणी कोणी वाटलं? वरच्या मजल्यांवर हजारो माणसं. त्यांना तहान लागली नाही का? आणि चावी अशी मिळत नाही. एकाला मारून आजची चावी मिळेल. उद्या सकाळी परत टाकीपाशी उभं राहावं लागतं, परवा पण. ते कुठे दाखवलं?"

नात हसत होती. लेक हसत नव्हती. ती समोरचा डोसा मोडत म्हणाली, "तुला नाहीच कळणार ते आई. तू कुठे बसलीस. बाबा गेले त्याच्या चौथ्या दिवशी तू ऑफिसला निघून गेलीस."

नातीने मोबाईल उलटा करून टेबलावर ठेवला.

लेक माझी बावन्न वर्षांची आहे. सरकारी नोकरीत आहे, चांगल्या हुद्द्यावर. हे वाक्य तिने मला आयुष्यात तीनचारदा ऐकवलंय, प्रत्येक वेळी मी गप्प बसले. त्या दिवशी का बोलले? सिनेमावाल्यांनी माझ्या बाईचं आधीचं इतकं चुकीचं सांगितलं, मग माझं तरी बरोबर सांगितलं जावं, एवढंच मनात आलं.

म्हटलं, "कागद होता म्हणून गेले."

"कसला कागद?"

मग सांगितलं. तिचे वडील त्याच ऑफिसात पाणी भरायचे. मे महिन्यात काविळीने गेले, आठवड्याच्या आत. आम्ही सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो, माणूस गेला की क्वार्टर जातं. लेक नऊ वर्षांची. दिल्लीत आमचं कोणी नाही. दुसऱ्या दिवशी गावाहून माझे दीर आले. तिसऱ्या दिवशी अस्थी आणल्या. त्या संध्याकाळी दिरांनी पिशवीतून एक कागद काढला, टाईप करून आणलेला. म्हणाले, "वहिनी, दादाची नोकरी घरातच राहिली पाहिजे. बाईमाणसाला दिल्लीत झेपणार नाही. तुमची हरकत नाही एवढंच यात लिहिलंय. दहाव्याला चार माणसांसमोर सही करा. मग तुम्हा दोघींना गावी घेऊन जातो. भाकरीला कमी पडू देणार नाही."

मी चौथी शिकले आहे. कागद वाचायला मला वेळ लागला, पण वाचला. असं भावाला नोकरी मिळते का, नियम काय, मला ठाऊक नव्हतं. त्यांनाही नसावं. एवढं कळलं की सही केली तर माझी लेक पण चौथीवरच थांबणार.

चौथ्या दिवशी सकाळी मी बसने ऑफिसला गेले. तिथले हेडक्लार्क, बडे बाबू, म्हणाले, "बहनजी, तेरह दिन तो होने दो." मी म्हटलं, "काम देख लो मेरा, फिर जो कहोगे." ते म्हणाले औरत से नहीं होगा, कूलर आठ आहेत, नळ खाली अंगणात आहे. मी बादली उचलली. आठ कूलर भरले, मग माठ भरले, खालून वर, जिन्याने. चार दिवस पोटात धड अन्न नव्हतं. अकरा वाजता सगळं भरून तयार होतं.

आणि कोणी पाणी प्यायला आलं नाही.

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. घरात सुतक, आणि सुतकातल्या बाईच्या हातचं पाणी कोण पिणार. सगळ्यांना माहीत होतं माझा नवरा जाऊन चार दिवस झालेत, त्यांच्यातलेच काही खांदा द्यायला आले होते. माठाजवळून जायचे, मान खाली घालून. एक जण रस्त्यावरच्या टपरीवर जाऊन पाणी पिऊन आला. मी माठाशेजारी उभी राहिले. बसले नाही. बसले असते तर उठवलं नसतं मला कोणी, घरीच जावं लागलं असतं.

बारा वाजता लू सुटली, तो भाजणारा वारा. दिल्लीची मे महिन्यातली लू ज्याने खाल्ली नाही त्याला सांगून कळणार नाही. पंख्यातून आग येते. आधी केरळची एक टायपिस्ट आली, तिने ग्लास पुढे केला. मी तिच्या ओठांकडे बघितलं आणि काठोकाठ भरला. ती तिथेच उभी राहून प्यायली, सगळ्यांसमोर, आणि परत ग्लास पुढे केला. मग दुसरा आला. मग रांग लागली. सगळ्यात शेवटी बडे बाबू आले, कपाळाला गंध लावलेले. त्यांनी ओंजळ पुढे केली, ग्लासाला हात लावला नाही. पण प्यायले. तीन वाजता त्या टायपिस्टने माझा अर्ज टाईप केला आणि मी सही केली. आधी रोजंदारीवर घेतलं, पक्की नोकरी आठ महिन्यांनी झाली.

टेबलावर कोणी खात नव्हतं. लेकीने विचारलं, "कागद काकांनी आणला होता? माझ्या काकांनी?"

"हो."

"काका दर दिवाळीला यायचे. माझ्यासाठी चिवडा घेऊन यायचे."

"यायचे. चांगलेच होते."

"मग चांगले कसे?"

"अगं, चार पोरं आणि कोरडवाहू तुकडा. त्यांना ती नोकरी दिसली. दहाव्याला मी सांगितलं, भावजी, अर्ज गेला, मी रोज कामावर जातेय. त्यांनी कागद घडी करून खिशात घातला. नंतर मला कधी वाकडा शब्द बोलले नाहीत. सिनेमात एक दाढीवाला लागतो. आपल्याकडे दाढीवाला नव्हता कोणी."

ती म्हणाली, "मी दारात तुझा पदर धरला होता. तू सोडवून घेतलास. मागे वळून बघितलं पण नाहीस."

"बघितलं असतं तर गेले नसते."

"हे मला तेव्हा नाही, निदान मोठी झाल्यावर सांगायचंस."

"तुला बाप नव्हता. बापाकडचं एकच माणूस होतं. तेही काढून घेऊ का तुझ्याकडून? त्यापेक्षा तू माझ्यावर रागाव, मी होतेच तिथे."

जावई उठले आणि चहा आणतो म्हणाले. चार कप आणले, साखर सगळ्यांत सारखीच घातलेली, माझ्यात पण, मला डायबिटीस आहे हे विसरून. लेकीने माझा कप ओढून घेतला आणि स्वतः प्यायली. मेट्रोत तिने मला बसायला जागा करून दिली आणि समोर उभी राहिली.

रविवारी सकाळी बघते तर हॉलच्या भिंतीवर एकच फोटो. तिच्या वडिलांच्या शेजारी दिरांचा फोटो असायचा, वारले तेव्हापासून. तो खाली कपाटाजवळ, तोंड भिंतीकडे करून ठेवलेला. मी जावयांना म्हटलं, "जावईबापू, तेवढा वर लावा."

ते बायकोकडे बघायला लागले. लेक म्हणाली, "नको, आई. मला तिथे तो नको."

"तुझं कन्यादान कोणी केलं?"

"ते वेगळं."

"वेगळं नाही. कागद आणणारा तोच, कन्यादान करणारा तोच. दोन माणसं नव्हती. तुला पटत नसेल तर तू त्यांच्याशी मनात भांड. पण भिंतीवर राहू दे, म्हणजे भांडायला समोर कोणी असेल."

"तुझा राग नाही त्यांच्यावर?"

"होता. दहा दिवस. मग कूलर भरायचे होते."

ती हसली नाही, पण फोटो तिने स्वतः उचलला, पदराने पुसला आणि जावयांच्या हातात दिला. त्यांनी लावला, जरा तिरका. तो अजून तिरकाच आहे.

नातीने विचारलं, आजी, तुझी रिअॅक्शन टाकू का चॅनेलवर? मी म्हटलं सिनेमाचं टाक, बाकीचं नको. तेवढंच टाकलंय. बाकीचं लेकीने मला लिहून काढायला सांगितलं, कारण तिचं म्हणणं मी तोंडी सांगते तेव्हा निम्मं गिळते. म्हणून हे लिहिलं, आणि म्हणूनच कुणाचं नाव घातलेलं नाही.

दिरांची मुलं गावाकडे आहेत. मोठी झालीत, त्यांना त्या कागदाचं काही माहीत नाही. तुम्ही आमच्या गावचे असाल आणि वाचताना ओळखलंत, तर त्यांना काही बोलू नका.